थांबायला सांगावं लागणारी मोटर

बोट काठापासून पन्नास-साठ पावलांवर आली होती. समोर जलपूजनाचा मंडप होता, बोटीत अकरा शेळ्या होत्या, आणि किसनआबांचा हात बरोबर बटणाकडे चालला होता. तो हात मी ढकलला. पुढे जे झालं ते त्या एका ढकलण्यामुळे झालं. लोकांना मात्र मी दुसरंच सांगितलं. म्हणून आधी हे लिहून टाकतो, मग बाकीचं. चूक माझी होती. मोटरची नव्हती, आबांची नव्हती, आणि शेळ्यांची तर अजिबात नव्हती.

माझं जवळा बाजारला मोटर वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीतल्या पाणबुडी मोटरी जळतात, त्यांच्या आतली तांब्याची तार काढून मी नवी गुंडाळतो. सोबत पंपसेट, डिझेल इंजिन, वेळ पडली तर कुणाची मोटरसायकल. धरण भरलं की मागे शिवारात पाणी पसरतं, त्याला आम्ही फुगवटा म्हणतो. तिथल्या मासे धरणाऱ्यांच्या बोटींची छोटी इंजिनंही अधूनमधून येतात. त्यांना आउटबोर्ड म्हणतात, कारण ती बोटीच्या आत बसवत नाहीत, मागच्या फळीला बाहेरून अडकवतात. वर इंजिन, मध्ये लांब पाय, आणि पायाच्या टोकाला पाण्यात पंखा. एवढं समजलं तरी पुढचं सगळं समजेल.

माझ्या दुकानावर रंगवलेला बोर्ड आहे, पण कुणी पत्ता विचारला तर लोक 'डायरेक्टवाला मिस्त्री' असंच सांगतात. याचं कारण असं, की आमच्याकडे वस्तू बिघडली की गिऱ्हाईक पहिल्यांदा म्हणतं, "भाऊ, डायरेक्ट करून द्या." स्टार्टर खराब झाला, काढा तो, वायर डायरेक्ट. चावी हरवली, डायरेक्ट. मधला भाग काढून टाकायचा आणि दोन टोकं जोडायची. काम झटकन होतं, वस्तू चालते, गिऱ्हाईक खूश. या कामात तालुक्यात माझा हात धरणारा कुणी नाही असं मला वाटायचं.

मारोतराव मोटर घेऊन आले ते टेम्पोत, कडब्याखाली झाकून. मारोतरावांची वस्ती फुगवट्याच्या पलीकडे. थोडी शेती आणि मोठा शेळ्या-मेंढ्यांचा कळप. बाजाराला यायचं तर रस्त्याने अख्ख्या पाण्याला वळसा, बोटीने पाव तास. बोट त्यांच्याकडे होती, पण वल्ह्याची.

"मिस्त्री, हिला जित्ती करा," कडबा बाजूला सारत ते म्हणाले.

मी बघितलं. एवढी मोठी आउटबोर्ड मी कधी पाहिली नव्हती. वरच्या झाकणावर कोंबड्यांनी वर्षानुवर्षं मुक्काम केल्याच्या खुणा होत्या.

"कुठली काढली ही?"

"साहेबलोकांची हाय. धरण झालं तवा ह्या मोटरीवर पाहणी करायचे. मंग लिलावात निघाली, तर आमच्या बापानं लोखंडासंगं उचलली. मामा त्या बोटीवर रोजंदारीला व्हता ना."

मामा टेम्पोत पुढे बसले होते. हेच किसनआबा. मारोतरावांच्या आईचे भाऊ, पंचाहत्तरीचे, बहिणीकडेच राहणारे. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. मारोतरावांनी मला बाजूला घेतलं.

"घरचे त्येला पाण्याकडं जाऊ देत न्हाईत. म्हणतात डोळे गेले, कान गेले, आता इसरून बी राहिला. बसून बसून त्याचा जीव उबगला. ही मोटर चालली तर मामाच चालवंल, असं मी घरात सांगून ठेवलं."

म्हणजे मोटर चालली तर म्हाताऱ्याला काम होतं, आणि नाही चालली तर घरातली बाज. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हेही लिहून ठेवतो.

आबा खाली उतरले. मोटरीच्या पायावरून हात फिरवला, जसा जुन्या बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. मग मला म्हणाले, "मिस्त्री, एक ध्यानात ठेव. हिला थांब म्हणून सांगावं लागतं. पुढं जा म्हणून सांगावं लागत न्हाई. ते तिला माहीतच हाय."

मी मारोतरावांकडे बघून डोळा बारीक केला. "आबा, बैल हाय का ती?"

"बैल तरी आपल्या मनानं थांबतो," आबा म्हणाले आणि टेम्पोत जाऊन बसले.

आता थोडं मोटरीच्या पोटातलं सांगतो. इंजिन कायम एकाच दिशेने फिरतं. बोटीला मात्र तीन गोष्टी लागतात. पुढे जाणं, मागे येणं, आणि इंजिन चालू असताना जागेवर थांबणं, म्हणजे न्यूट्रल. हे काम पायातला गिअर करतो. मच्छीमारांच्या मोटरी माझ्याकडे यायच्या त्यांचा गिअर साधा. वर एक दांडी, तिला जोडलेली एक लोखंडी सळई सरळ पायात उतरते. दांडी ओढली की खाली 'खट्' असा आवाज येतो, गिअर पडला. झाकण उघडून सळई दिसली की समजायचं, हा हाताचा गिअर.

या मोटरीला सळईच नव्हती. मी दोनदा शोधली. तिच्या जागी दोन बारीक वायरी पायात उतरत होत्या. एक हिरवी, एक निळी.

मला इतका आनंद झाला की मी चहावाल्याला हाक मारून स्वतःच्या खर्चाने चहा सांगितला. गिअर विजेचा होता! पाण्यात बुडालेल्या डब्यात तारेची कॉइल. म्हणजे आमची पाणबुडी मोटरच की. माझ्या घरचं काम.

मोबाईलवर शोधलं तर एक व्हिडिओ सापडला. पांढऱ्या दाढीचा एक गोरा म्हातारा, मागे शेड, शेजारी फळा. त्याचं इंग्रजी मला निम्मं समजलं, पण फळ्यावरची चित्रं पूर्ण समजली. दोन कॉइल. हिरव्या वायरीला करंट दिला की मोटर पुढे. निळीला दिला की मागे. कुणालाच नाही दिला की न्यूट्रल. लख्ख समजलं. तेवढ्यात पुसेगावकडचे एक शेतकरी जळालेली मोटर घेऊन आले. त्यांच्या हळदीला पाणी द्यायचं अडलं होतं. मी व्हिडिओ बंद केला. खालची लाल रेघ बरोबर मध्यावर होती. ती मला आजही दिसते.

इंजिन आठ-दहा दिवसांत फुरफुरायला लागलं. कार्बोरेटर धुतला, पॉइंट घासले, प्लग बदलले. गिअरच्या पेटीत घालायला नव्वद नंबरचं जाड तेल आणायला गेलो तर दुकान बंद. घरी ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं पातळ तेल होतं, तेच भरलं. पुढे कळलं की या मोटरीला पातळच तेल लागतं. अख्ख्या कामात मी ही एकच गोष्ट बरोबर केली, तीही दुकान बंद होतं म्हणून.

बाकी सगळं डायरेक्ट. चावी कधीच हरवलेली, म्हणून इग्निशन डायरेक्ट. मोटर बंद करायची असेल तर पेट्रोलची नळी उपसायची. रेसची तार गंजलेली, ती मी मध्यावर ताणून बांधून टाकली, म्हणजे वेग कायम एकच. बोट वळवायला लोखंडी पाइपाचा दांडा जोडला. गिअरचा मूळ खटका असलेली पेटी उंदरांनी खाल्ली होती, म्हणून एका लाकडी पाटीवर घरातल्या दिव्याची दोन बटणं बसवली. पहिल्याला हिरवी वायर, दुसऱ्याला निळी, आणि करंटसाठी एक बॅटरी.

माझं अक्षर वाईट, म्हणून बटणांखाली नावं लिहायला बायकोला सांगितलं. शोभाने नेलपॉलिशने सुबक अक्षरांत 'पुढे' आणि 'मागे' असं लिहिलं. मग विचारलं, "आन थांबायचं बटण कुठं हाय?"

"ते लागत न्हाई. दोन्ही बंद ठेवले की थांबली."

"म्हंजी काहीच न्हाई केलं की बसून राहते?"

"व्हय."

"तुमच्यावर गेली जणू," ती म्हणाली आणि बाटलीला झाकण लावलं.

मोटर पाण्याच्या ड्रममध्ये उभी करून चालवून बघतात. मीही बघितली, पण पंखा काढून. पंखा लावून ड्रममध्ये चालवली की पाणी उसळून थेट शेजारच्या चहाच्या भट्टीत जातं. हा प्रकार मागे एकदा झाला होता आणि चहावाला आठ दिवस बोलत नव्हता. पंखा नसल्यामुळे खाली गिअर लागला आहे की सुटला आहे, हे काही दिसलं नाही.

पुढच्या बाजाराला आबा दुकानात आले. चष्मा कपाळावर चढवून पाटी अगदी नाकाजवळ धरली.

"मिस्त्री, हे हिरव्या वायरीचं हाय ना?"

"व्हय."

"मंग त्याखाली 'पुढे' काहून लिहिलं? हे तर थांबायचं हाय."

"आबा, तुमच्या येळची गोष्ट येगळी."

"मोटर तर तीच हाय."

मारोतराव मध्येच उभे होते. एकदा मामाकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मी आवाज मऊ केला. आजारी माणसाशी बोलताना करतात तसा. "आबा, आत्ताच ऑपरेशन झालं तुमचं. डोक्याला लई ताण नका देऊ."

आबांनी चष्मा खाली घेतला आणि पाटी ठेवून दिली. मारोतरावांच्या चेहऱ्यावर काळजी आली. ती मी आणली होती.

धरण त्या वर्षी काठोकाठ भरलं. असं भरलं की आमच्याकडे पाण्याची ओटी भरतात. खण, नारळ, साडी पाण्याला वाहतात. त्याला जलपूजन म्हणतात आणि त्यासाठी एक साहेब लागतो. साहेब म्हणजे या भागातले पुढारी. मंडप पडला, माईक आला, हार आले. नेमका तो बाजाराचा दिवस.

"अकरा शेळ्या बाजारात न्यायच्या हायेत," मारोतराव म्हणाले. "त्याच दिवशी मोटर लावू. माणसं जमणारच हायेत. त्याहिच्या डोळ्यादेखत मामा बोट घेऊन आला पाहिजे."

मी नको म्हणायला हवं होतं. आधी रिकामी बोट चालवून बघायला हवी होती. पण गर्दीसमोर माझं काम दिसणार म्हटल्यावर मीच मारोतरावांपेक्षा जास्त घाई केली.

पलीकडच्या काठावर शेळ्या चढवल्या. दांडा धरून आबा बसले, त्यांच्या शेजारी बटणांची पाटी, पाटीशेजारी मी. मारोतराव एक पाय काठावर आणि एक पाय बोटीत ठेवून दोरी सोडत होते. दोन्ही बटणं बंद होती. म्हणजे माझ्या हिशेबाने न्यूट्रल. मी चाकाला दोरी गुंडाळून खेचली.

मोटर पहिल्याच ओढीत लागली आणि बोट निघाली. मारोतराव पाण्यात बसले.

"अवं थांबा! मी राहिलो!" ते कमरेभर पाण्यातून ओरडले.

"बघ," आबा म्हणाले. "म्हणलं व्हतं."

"न्यूट्रलमध्येच हाय, आबा. वारं हाय जरा."

वारं समोरून होतं. बोट मोटरसायकलच्या वेगाने चालली होती. शेळ्या कान मागे टाकून उभ्या होत्या. माझ्या डोक्यात वायंडिंगवाल्याचा विचार आला. हिरवी वायर कुठेतरी शॉर्ट झाली असणार, म्हणून बटण न दाबताच फॉरवर्ड लागला. हरकत नाही. काठ आला की 'मागे' दाबू, वेग मरेल. खरं सांगायचं तर मधल्या पाण्यात मला मजाच वाटत होती. पाण्यावर पांढरी रेघ उठत होती, आबांचं धोतर फडफडत होतं, आणि आबा हसत होते. त्यांना मी त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं.

काठ आला. माईकवरून साहेबांचा आवाज येत होता, "हे पाणी आज आपल्या दारात आलेलं आहे..." मी 'मागे' दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. बोट तशीच.

"सरक," आबा म्हणाले आणि त्यांचा डावा हात पहिल्या बटणाकडे गेला.

"आबा, ते पुढंचं हाय! मारता का सगळ्याला!" मी ओरडलो आणि त्यांचा हात ढकलून दिला. मग पेट्रोलची नळी उपसली. पण कार्बोरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल उरलेलं असतं. तेवढ्यावर इंजिन अजून अर्धा-एक मिनिट चालतं. मंडप दहा सेकंदांवर होता.

आबांनी उजव्या हाताने दांडा पूर्ण एका बाजूला दाबला. म्हणून बोट माणसांत न शिरता मंडपाच्या कडेला चिखलात घुसली आणि थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. शेळ्या मात्र थांबल्या नाहीत. अकराच्या अकरा उड्या मारून मंडपात गेल्या. एकीने ओटीतले तांदूळ आणि विड्याची पानं संपवली. एकीने साहेबांच्या गळ्यात पडायचा हार टेबलावरूनच ओढला आणि साहेबांकडे बघत बघत खाल्ला. साहेबांचं वाक्य अजून माईकवर लोंबकळत होतं.

अख्खा मंडप हसायला लागला. साहेब नाही हसले.

"बोट कोण चालवून राहिलं व्हतं?" त्यांनी विचारलं.

सगळे आमच्याकडे बघत होते. मी म्हणालो, "साहेब, आबाचा हात 'पुढे'च्या बटणावर गेला."

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. मी नंतर ते पुष्कळदा तपासलं. हात गेला होता, बटणाखाली 'पुढे' असंच लिहिलं होतं. इतकं मोठं खोटं मी एवढ्या खऱ्या शब्दांत दुसरं कधी बोललो नाही.

आबांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा घातला. पाटीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"असंल बाबा," ते म्हणाले.

शेळ्या धरून बांधून होईपर्यंत मारोतराव कुणाच्या तरी मोटरसायकलवर वळसा घालून ओलेच येऊन पोचले. त्यांनी काय झालं ते ऐकून घेतलं आणि आबांच्या हातातला दांडा हळूच सोडवला. "मामा, बस झालं आता."

त्यानंतर आबा बाजारात आले एकदाच. चहाच्या दुकानात कुणीतरी विचारलं, "आबा, कप पुढं करू का मागं?" दुसरा म्हणाला, "बटण बघून सांगा बरं, आबा." सगळे हसले. मीही हसलो, हे लिहायला नको वाटतं पण हसलो. आबांनी चहा अर्धा ठेवला. मग ते यायचे बंद झाले.

मोटर मी तपासायला म्हणून दुकानात आणली. मनात होतं की काहीतरी दुसरं तुटलेलं सापडावं, म्हणजे दोष वाटून टाकता येईल. बॅटरी जोडलेली नव्हती, एकही वायर कशाला लावलेली नव्हती. मी सहज दोन बोटांनी पंखा फिरवला. एका बाजूला तो कटकट करत फिरला. दुसऱ्या बाजूला अडला. जोर दिला तर वरचं इंजिनाचं चाक त्याच्यासोबत फिरायला लागलं.

करंट शून्य होता आणि गिअर पुढचा लागलेला होता.

मी स्टूलवर बसलो. मोबाईल काढला, व्हिडिओची लाल रेघ जिथे सोडली होती तिथून पुढे लावली. गोऱ्या म्हाताऱ्याने एक बोट वर केलं आणि "बट" म्हणाला. एवढं इंग्रजी मला येतं. मग त्याने फळा पुसला आणि दुसरं चित्र काढलं. म्हणजे विजेचे गिअर दोन तऱ्हांचे. पहिल्यात करंट नाही म्हणजे न्यूट्रल. पुढे काही वर्षांनी निघाला तो दुसरा. त्यात पायात तेलाचा छोटा पंप असतो आणि करंट नसला की गिअर कायम पुढचाच. हिरवीला करंट दिला की न्यूट्रल. हिरवी आणि निळी दोन्हींना दिला की मागे. एकट्या निळीने काहीच होत नाही. असं का केलं, तर भर पाण्यात वायर तुटली तरी माणूस पुढे चालत घरी पोचावा म्हणून. दोन्ही मोटरी वरून सारख्याच दिसतात, वायरींचे रंगही तेच. ओळखायचं कसं, तर वायर काढून पंखा हाताने फिरवून बघा. दोन्हीकडे मोकळा फिरला तर पहिली, एकीकडे अडला तर दुसरी. त्याने दोन बोटं दाखवली. माझीच बोटं वाटली मला ती.

थांब म्हणून सांगावं लागतं. पुढं जा म्हणून सांगावं लागत नाही. आबांनी एका वाक्यात अख्खा व्हिडिओ सांगितला होता, आणि मी त्यांना डोक्याला ताण देऊ नका म्हणालो होतो.

घरी शोभाला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"मंग आता?"

"आता काय, कनेक्शन बदलतो. कूलरचा फिरवायचा खटका लावतो. तीन घरं असतात त्याला, बराबर बसंल."

"मी मोटरीचं न्हाई इचारून राहिले," ती म्हणाली.

पुढचे दोन बाजार मी घालवले. मनात बेत होता की गुपचूप दुरुस्त करून द्यावं, 'वायर लूज होती' म्हणावं, विषय मिटवावा. वायरीवर दोष घातला की कुणी उलटून बोलत नाही, हा आमच्या धंद्याचा मोठा फायदा आहे. तसंच केलं. पलीकडे वस्तीवर गेलो, खटका बसवला, मारोतरावांना चालवून दाखवली. बोट पुढे गेली, थांबली, मागे आली. मारोतराव खूश. "काय झालं व्हतं?" त्यांनी विचारलं. "वायर लूज," मी म्हणालो.

निघताना आबा दिसले. गोठ्याजवळ बसून बाभळीचा पाला ओरबाडत होते, दोन करडं त्यांच्या मांडीवर चढत होती. त्यांनी मला हाताने बसायला सांगितलं.

"मिस्त्री, तुला इचारायचं व्हतं. मला पक्कं आठवत व्हतं, हिरवी दाबली की थांबते. पाहणीचे साहेब ओरडायचे, किसन, थांबव, आन मी दाबायचो. मला साहेबाचा आवाज बी आठवतो. पण ते जर खरं न्हाई, तर मंग मी आजवर जे जे आठवून बसतो त्यातलं खरं किती?" त्यांनी पाला खाली ठेवला. "ह्याची मामी जाऊन लई वर्षं झाली. तिचा चेहरा मला आठवतो. का तो बी मीच मनानं रचला?"

'ह्याची मामी' म्हणजे आबांची बायको; बोलताना त्यांनी मारोतरावांच्या घराकडे हात केला होता. करडू माझ्या चपलेचा पट्टा चावत होतं, ते मी चावू दिलं. मग सगळं सांगितलं. अर्धा व्हिडिओ, पंखा, दोन बोटं, ढकललेला हात, मंडपातलं वाक्य.

आबांनी मांडीवरचं करडू खाली उतरवलं.

"म्हंजी माझा हात बराबर व्हता?"

"बराबर व्हता."

"तू ढकलला."

"व्हय, आबा. माझं..."

"थांब," त्यांनी हात वर केला. "हे मला काहून सांगून राहिला? मला माहीतच व्हतं, फक्त भरोसा सुटला व्हता. ज्याहिला माहीत न्हाई त्याहिला सांग." त्यांनी थोडा विचार केला आणि काळा चष्मा कपाळावर चढवला. "बाजारात तो उंदराचं औषध विकतो ना, त्याच्याकडं मोठा भोंगा हाय."

"आबा, भोंग्यावर?"

"साहेबाच्या माईकपुढं माझं नाव घेतलं तवा लाजला व्हतास का?"

दोष वायरचा निघाला म्हणून मारोतरावांनी दांडा पुन्हा मामांकडे दिला होता; पुढच्या बाजाराला बोट घेऊन आबाच आले. मी काठावर उभा होतो. वीस पावलं राहिली असताना त्यांनी कूलरचा खटका एक घर फिरवला. गिअर सुटला, आणि बोट माणूस आपल्या अंगणात पाय ठेवतो तशी काठाला टेकली. एकही शेळी हलली नाही. आबांनी माझ्याकडे बघून फक्त हनुवटी बाजाराच्या दिशेने केली.

माझ्या धंद्यातल्या पोरांना मी आता एवढंच शिकवतो की व्हिडिओ शेवटपर्यंत बघा, पंखा आधी हाताने फिरवा, आणि मोटर चालवलेला माणूस जिवंत असेल तर त्याला विचारा. तिसरं सगळ्यात स्वस्त पडतं. मला ते सगळ्यात महाग पडलं.

औषधवाल्याची टेप चालू होती. उंदीर, घूस, झुरळ, एकच पुडी. आबांनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तो इतका हसला की त्याने टेप लगेच बंद केली आणि माईक माझ्या हातात दिला. टेप बंद पडली म्हणून सगळा बाजार वळून बघायला लागला. चहावाला भट्टी सोडून आला. मारोतराव शेळ्यांच्या दोऱ्या हातात धरून उभे. आबा सगळ्यात पुढे, हात पाठीमागे बांधून.

"मी डायरेक्टवाला मिस्त्री बोलून राहिलो," मी म्हणालो, आणि माझाच आवाज समोरच्या भिंतीवरून परत आला. "जलपूजनाच्या दिवशी बोट घुसली ती किसनआबामुळं न्हाई. आबाचा हात थांबायच्या बटणावर चालला व्हता. त्याखाली 'पुढे' असं मी लिहून घेतलं व्हतं, कारण मला अर्धंच माहीत व्हतं. तो हात मी ढकलला, आन मंग तुमच्यापुढं त्याहिचंच नाव घेतलं. वायर बी लूज न्हवती, मारोतराव. आबाला सगळं बराबर आठवतं. आबा, माझं चुकलं."

आबांनी हळूच एक हात कानामागे नेला.

"मिस्त्री," ते म्हणाले, "घरचे म्हणतात माझे कान गेले. आणखी एक बार."

मी भोंग्याचं तोंड त्यांच्याकडे वळवलं.

"आबा, माझं चुकलं."